नववीतल्या मुलीची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या प्रात्यक्षिकाची तयारी कशी करून घ्यावी? (विद्युत परिपथ आणि चुंबकत्व)

ताई, मुलगी लेखी फेरीत निवडली गेली म्हणून आधी तिचं कौतुक. आता प्रात्यक्षिकासाठी कुठलं गाईड घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. कुठलंच घेऊ नका. ३१ वर्षं तालुक्याच्या गावी विज्ञान शिकवलं, त्या अनुभवावरून सांगतो.

आमच्या शाळेतला एक मुलगा पहिल्यांदाच प्रात्यक्षिकापर्यंत पोचला होता. रोधांची एकसर-समांतर गणितं तोंडी सोडवायचा. समोर सेल, रोध, अ‍ॅमीटर (वीजप्रवाह मोजायचा मीटर) आणि वायरी ठेवलेल्या होत्या. त्याने जोडणी केली, कळ दाबली आणि काटा उलटा गेला. शून्याच्या मागे, डावीकडच्या खुंटीला जाऊन टेकला. पोराला वाटलं, आपल्या हातून मीटर मोडला. घाबरून त्याने कळ सोडली आणि पुढचं काहीच केलं नाही. बाहेर येऊन मला म्हणाला, "सर, भरून द्यावा लागेल का?"

अ‍ॅमीटरच्या दोन वायरींची अदलाबदल, एवढंच करायचं होतं. पाच सेकंदांचं काम. पण त्याने त्या दिवसापर्यंत अ‍ॅमीटर हातातच घेतला नव्हता. आमच्या शाळेत सहा अ‍ॅमीटर होते, कपाटात, खोक्यातून न काढलेले. किल्ली पर्यवेक्षकांकडे. मागायला गेलं की उत्तर ठरलेलं : "फुटलं तर डेडस्टॉक रजिस्टरला, शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, काय दाखवू? पोरांकडून प्रश्नसंच सोडवून घ्या, निकाल त्यावर लागतो." मी तेव्हा गप्प बसलो. ते आजही सलतं.

पुढच्या वर्षी किल्लीसाठी लेखी अर्ज केला. फुटलं तर माझ्या पगारातून कापा, असं त्यातच लिहून दिलं. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोन तास बसायचो. मी परिपथ मुद्दाम बिघडवून ठेवायचो आणि मुलांनी दोष शोधायचा. कधी बल्ब होल्डरमध्ये अर्धाच फिरवलेला, कधी एक सेल उलटा, कधी तांब्याच्या तारेचं वार्निश न खरडलेलं. ही तार मोटार वाइंडिंगच्या दुकानात मिळते. दिसते चकचकीत, पण टोकं पॉलिश पेपरने घासल्याशिवाय तिच्यातून काही जात नाही. मुलं आधी म्हणायची, "सेल गेलाय." मग सेलवर मल्टिमीटर (व्होल्ट, प्रवाह आणि रोध मोजणारा मीटर) लावून बघायची, दीड व्होल्ट यायचे, मग एकेक जोड तपासत पुढे सरकायची. तुमच्या मुलीकडून हेच करून घ्या. रोज एक बिघाड.

मल्टिमीटर घ्याच, साधा चालेल. मिलिअँपिअरवर ठेवून तो थेट सेलच्या दोन टोकांना लावला की आतला फ्यूज जातो, हे तिला आधीच सांगा. मग तिला टॉर्चच्या २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरच्या बल्बचा रोध मोजू द्या. ओहमच्या नियमाने उत्तर आठ ओहमच्या थोडं वर येतं, मीटर दाखवतो साधारण एक. आमच्या वर्गात यावर दोन शनिवार भांडण चाललं. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, आपण मोजतो तेव्हा बल्बमधली तार थंड असते ना?" बरोबर, पेटल्यावर ती तापते आणि तिचा रोध वाढतो. असं गाईडमधून सुचत नाही हो.

चुंबकत्वात ओर्स्टेडचा १८२० चा प्रयोग, म्हणजे तारेतून प्रवाह गेला की जवळची चुंबकसूची (होकायंत्राची सुई) वळते तो, घरी होतो. तार चुंबकसूचीच्या वर, सूचीला समांतर, म्हणजे उत्तर-दक्षिण धरायची. पुष्कळ मुलं पूर्व-पश्चिम धरतात, सूची हलत नाही आणि प्रयोग फसला म्हणतात. तार वरून खाली नेली की सूची उलट्या बाजूला वळते, हे तिला स्वतः बघू द्या, उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम (अंगठा प्रवाहाच्या दिशेने धरला की वळलेली बोटं चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवतात) मग कायमचा लक्षात राहतो. मोबाइल लांब ठेवा आणि लोखंडी टेबलावर हा प्रयोग करू नका. खिळ्याचा विद्युतचुंबक करताना वेढे दुप्पट केल्यावर किती टाचण्या उचलल्या जातात ते मोजून लिहायला लावा. सेल सलग जोडून ठेवू नका, चांगलाच तापतो.

एक राहिलं. प्रात्यक्षिकात वीजच येईल असं नाही, रसायन आणि जीवशास्त्रही येतं, त्यामुळे सगळा वेळ इथेच घालवू नका. गणितं कच्ची असतील तर तीही करावीच लागतील, प्रश्नसंचांशी माझं वैर नाही. आणि हे सगळं सेलवरच करायचं. घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगला तिने हात लावायचा नाही.

तो पहिला मुलगा हुशार होता. त्याची तयारी कमी पडली नाही, आम्ही त्याला वस्तू दिल्या नाहीत. पर्यवेक्षक निवृत्त होईपर्यंत म्हणत राहिले की पोरगं ऐन वेळी घाबरलं. घाबरणारच. नवऱ्यामुलीसारखं खोक्यात जपलेलं यंत्र एकदम परीक्षेत समोर आलं तर कोण घाबरणार नाही?

तेव्हा उद्या मुलीच्या शाळेत जा. अ‍ॅमीटर कुठल्या कपाटात आहेत आणि किल्ली कोणाकडे असते, ते विचारा. तोंडी नाही म्हणाले तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.