वाचकांचे प्रश्न : संस्थेसाठी माणसं शोधताना

प्रश्न : आमची संस्था धडगाव तालुक्यात आरोग्यावर काम करते. एक प्रकल्प व्यवस्थापक (पगार महिना ५० हजार), एक हिशेबनीस आणि बारा गावपातळीवरचे कार्यकर्ते घ्यायचे आहेत. पुण्यातल्या दोन भरती एजन्सींशी बोललो. पहिली एजन्सी माणूस रुजू झाल्यावर वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के मागते, दुसरी १५ टक्के, त्यातला एक तृतीयांश आगाऊ. कोणती निवडावी?
– एक विश्वस्त, नंदुरबार जिल्हा

उत्तर : आधी ते बारा कार्यकर्ते एजन्सीच्या यादीतून काढा. पावरी ही तिथली आदिवासी बोली बोलणारा, पाड्यापाड्यावर चालत जाणारा मुलगा किंवा मुलगी पुण्यातल्या एजन्सीच्या संगणकात सापडत नाही. ग्रामपंचायतीचा फलक, आठवडी बाजारात चिकटवलेला कागद, आशाताईंच्या कानावर घातलेली गोष्ट, एवढ्यावर अर्ज येतात. हिशेबनिसासाठीही आधी तुमच्या सीएंना विचारा. धर्मादाय संस्थांचे हिशेब लिहिलेली माणसं त्यांना ठाऊक असतात.

उरला व्यवस्थापक. वर्षाचे सहा लाख धरले तर ८.३३ टक्के म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, ५० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५९ हजार. दुसऱ्या एजन्सीचे ९० हजार अधिक जीएसटी, म्हणजे १ लाख ६ हजार २००. बहुतेक संस्थांना जीएसटीची वजावट मिळत नाही, म्हणून अंदाजपत्रकात पूर्ण आकडा धरा. एजन्सीकडे जीएसटी क्रमांक नसेल तर तिला हा कर लावता येत नाही, तेव्हा बिल नीट पाहा. टक्केवारी कशावर, हेही लेखी घ्या. प्रवासभत्ता आणि पीएफमधला संस्थेचा वाटा धरून काढलेला आकडा बराच फुगतो.

आगाऊ रकमेची पद्धत संचालकासारख्या पदाला शोभते, जिथे नोकरीत असलेल्या माणसाला गाठून तयार करावं लागतं. तुमच्या पदाला पहिली पद्धत पुरेल. तिचा दोष एवढाच, की पैसे रुजू झाल्यावर मिळायचे असल्याने एजन्सी घाईघाईने बायोडेटा पाठवते आणि तोच गठ्ठा आणखी चार ठिकाणी जातो.

एजन्सी पारखायची तर ती तुम्हाला काय विचारते ते पाहा. कार्यालय धडगावात की नंदुरबारला? राहायची सोय काय? महिन्यातले किती दिवस फिरती? प्रकल्पाचा निधी कधी संपतो? यातलं काही न विचारता ‘परवापर्यंत दहा बायोडेटा देतो’ म्हणणारा नोकरीच्या संकेतस्थळावरून यादी उतरवून देणार. ते काम तुमचं तुम्हालाही जमेल. डेव्हनेटजॉब्ससारख्या या क्षेत्राच्या संकेतस्थळावर जाहिरात द्या, तुळजापूरच्या टिसला (टाटा समाजविज्ञान संस्था) आणि पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेला पत्र टाका. एजन्सीकडून मात्र शहराबाहेर भरलेल्या शेवटच्या तीन जागा विचारा, त्यातली किती माणसं वर्षभरानंतरही टिकली ते विचारा, आणि त्यातल्या दोन संस्थांना स्वतः फोन करा.

माणूस सोडून गेला तर एजन्सीने बदली उमेदवार द्यायचा, ही हमी करारात किमान ९० दिवसांची हवी, सहा महिने मिळाले तर उत्तम. मोजणी रुजू झाल्या दिवसापासून. माणूस मधेच गेला आणि ठरल्या मुदतीत, समजा ४५ दिवसांत, दुसरा मिळाला नाही तर फी परत. नुसतं ‘बदली देऊ’ लिहिलं असेल तर एजन्सी महिनोन्महिने बायोडेटाच पाठवत राहते. तुमच्याकडे आधीच थेट अर्ज केलेल्या उमेदवारावर फी नाही, हे वाक्य घाला आणि कराराच्या दिवशी आलेल्या अर्जांची यादी ईमेलने कळवून टाका. भांडणं बहुधा इथेच होतात. उमेदवाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, हेही घाला. आणि निवडलेल्या माणसाला पगार व कामाचं ठिकाण तुमच्या पत्रातून कळवा, एजन्सीच्या तोंडून नको. ‘नंदुरबारजवळ’ एवढंच ऐकून आलेला माणूस घाट चढून धडगावला पोचला की महिन्याभरात परत जातो.

प्रश्न : भरतीची फी परदेशी देणगीतून किंवा सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या) पैशातून देता येईल का?
– खजिनदार, सोलापूर

उत्तर : परदेशी देणगीतून देता येते, पण व्यवस्थापनासाठी माणसं घेण्याचा खर्च एफसीआरएच्या (परदेशी देणगीच्या कायद्याच्या) नियमांत प्रशासकीय खर्चात मोडतो. त्याची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० वर आली. आधीच काठावर असाल तर ही फी तिथे टाकू नका. सीएसआरमधली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, तुमच्या नाही. कंपनीचे अधिकारीच कधीकधी हे उलटं सांगतात. तरी मंजूर अंदाजपत्रकात ‘भरती खर्च’ अशी वेगळी ओळ आधीच घालून घ्यावी, मागाहून मान्यता मिळवणं कटकटीचं. फी देताना लागू असेल तिथे टीडीएस, म्हणजे मुळातून कापायचा आयकर, कापा. तो कापायचा राहिला तर आयकराच्या हिशेबात त्या खर्चातला ३० टक्के भाग संस्थेच्या उद्दिष्टांवरचा खर्च म्हणून धरला जात नाही.

प्रश्न : वसतिगृहासाठी अधीक्षक हवा आहे. एजन्सी म्हणते, ‘पार्श्वभूमी आम्ही तपासली आहे.’ पुरे का?
– एक मुख्याध्यापिका, पालघर

उत्तर : नाही. पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) नियम २०२० प्रमाणे मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी संस्थेने करायची असते, तीही ठरावीक काळाने पुन्हा. एजन्सीचा कागद तिच्या जागी चालत नाही. प्रमाणपत्र हातात आल्यावरच रुजू करून घ्या आणि मागच्या दोन ठिकाणच्या प्रमुखांशी तुम्ही स्वतः बोला. फोन नंबर उमेदवाराने दिलेला नको, त्या शाळेच्या कार्यालयाकडून घेतलेला हवा.