‘असेल तर’ की ‘असेल तरच’? संतत आणि अवकलनीय फलनांविषयीची दोन वाक्ये

प्रश्न असा आहे : कलनाच्या (calculus) एका पुस्तकात ‘फलन अवकलनीय असेल तर ते संतत असते’ असे वाक्य आहे आणि दुसऱ्या पुस्तकात ‘फलन संतत असेल तरच ते अवकलनीय असते’ असे. (ढोबळमानाने, फलन म्हणजे function; ते संतत म्हणजे त्याच्या आलेखात खंड नाही, आणि अवकलनीय म्हणजे आलेखाला निश्चित चढ, म्हणजेच अवकलज, आहे.) पहिल्यात अट अवकलनीयतेची आहे, दुसऱ्यात सांतत्याची. मग दोन्ही बरोबर कशी? आणि ‘संतत अवकलनीय’ या जोडशब्दाचा नेमका अर्थ काय?

दोन्ही वाक्ये बरोबर आहेत, इतकेच नव्हे तर ती एकच गोष्ट सांगतात. ही किमया ‘च’ या एका अक्षराची आहे. ‘तर’ पुरेशी अट सांगतो, ‘तरच’ आवश्यक अट सांगतो. ‘तिकीट असेल तरच आत सोडतील’ या वाक्यात तिकीट नसलेल्याला प्रवेश नाही एवढेच सांगितलेले असते. तिकीट असलेल्या प्रत्येकाला आत घेतीलच, अशी हमी त्यात नसते. त्याचप्रमाणे ‘संतत असेल तरच अवकलनीय’ म्हणजे ‘संतत नसेल तर अवकलनीय नसतेच’, आणि हे विधान दोन्ही नकार काढून उलट्या क्रमाने वाचले की पहिल्या पुस्तकातले वाक्य मिळते. चूक होते ती ‘संतत असेल तर ते अवकलनीय असते’ असे लिहिल्यावर. तो मूळ प्रमेयाचा व्यत्यास, म्हणजे अट आणि निष्कर्ष यांची नुसती अदलाबदल, झाला, आणि तो खोटा आहे. बोलताना आपण ‘तर’ आणि ‘तरच’ यांची सर्रास अदलाबदल करतो आणि ऐकणारा संदर्भाने अर्थ सावरून घेतो. गणितात ती सवलत नाही.

प्रमेय खरे का आहे, हे व्याख्येतूनच दिसते. एखाद्या बिंदूपाशी अवकलज काढताना आपण फलनाच्या मूल्यांतील फरकाला चलाच्या मूल्यांतील फरकाने भागतो आणि दुसरा फरक शून्याकडे नेताना त्या गुणोत्तराची सीमा पाहतो. आता मूल्यांतील फरक म्हणजे हे गुणोत्तर गुणिले चलातील फरक. गुणोत्तर एखाद्या सांत (अनंत नसलेल्या) संख्येकडे जात असेल आणि चलातील फरक शून्याकडे जात असेल, तर गुणाकार शून्याकडेच जाणार. म्हणजे त्या बिंदूपाशी फलन संतत असणारच. या युक्तिवादाचा सारा भार ‘सांत’ या शब्दावर आहे, आणि घाईने लिहिलेल्या टिपणांत नेमका तोच गळतो. शून्यापाशी शून्य, धन संख्यांसाठी १ आणि ऋण संख्यांसाठी −१ असे मूल्य देणारे फलन घ्या. शून्यापाशी त्याचे गुणोत्तर धन अनंताकडे जाते, पण फलन तेथे संतत नाही. उलट घनमूळाचे गुणोत्तरही शून्यापाशी धन अनंताकडेच जाते, आणि ते फलन मात्र संतत आहे. तेव्हा अनंत चढावरून सांतत्याविषयी काहीच अनुमान काढता येत नाही.

व्यत्यास खोटा ठरवायला एक प्रतिउदाहरण पुरते, आणि ते प्रत्येक पुस्तकात असते : केवल मूल्याचे (चिन्ह सोडून उरणाऱ्या मूल्याचे) फलन. शून्यापाशी ते संतत आहे, पण डावीकडून चढ −१ येतो आणि उजवीकडून १, म्हणून स्पर्शिका ठरत नाही. या उदाहरणामुळे ‘अवकलनीय नसणे म्हणजे आलेखाला टोक असणे’ असा समज रुजतो, तो मात्र अपुरा आहे. क्ष ज्या(१/क्ष) हे फलन (‘ज्या’ म्हणजे sine) शून्यापाशी ० मानले तर संतत होते. तेथे टोक नाही आणि उभी स्पर्शिकाही नाही, छेदिकेचा (आलेखावरील दोन बिंदू जोडणाऱ्या रेषेचा) चढ १ आणि −१ यांच्यामध्ये सतत हेलकावत राहतो आणि कोठेच स्थिरावत नाही.

हा गैरसमज विद्यार्थ्यांपुरता नव्हता. संतत फलन काही सुटे बिंदू वगळता अवकलनीय असते, असे सिद्ध करण्याचा प्रयत्न फ्रेंच शास्त्रज्ञ अँपिअरने १८०६ मध्ये केला होता. सांतत्याची सीमेवर आधारलेली काटेकोर व्याख्या तेव्हा रूढ झालेली नव्हती. १८७२ मध्ये जर्मन गणितज्ञ कार्ल वायरश्ट्रास यांनी बर्लिनच्या अकादमीपुढे असे फलन मांडले की, जे प्रत्येक बिंदूपाशी संतत आहे, पण एकाही बिंदूपाशी अवकलनीय नाही. कोज्या (cosine) फलनांची ही अनंत बेरीज आहे : प्रत्येक पदाची उंची आधीच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात कमी होते, म्हणून बेरीज संतत राहते, पण पदांच्या आंदोलनांचा वेग त्याहून जास्त प्रमाणात वाढतो, म्हणून चढ कोठेच ठरत नाही. बोहेमियातील गणितज्ञ बोल्झानोने अशा प्रकारचे फलन त्यापूर्वी सुमारे चाळीस वर्षे रचले होते, पण त्याचे हस्तलिखित विसाव्या शतकात प्रकाशात आले. शार्ल एर्मीत यांच्यासारख्या मोठ्या फ्रेंच गणितज्ञालाही अशी फलने पीडेसारखी वाटत. एका पत्रात त्यांनी तसे लिहिलेही आहे.

पुस्तकांतील दोन्ही वाक्यांत ‘त्या बिंदूपाशी’ हे शब्द गृहीत धरलेले आहेत आणि ते लिहिले तर बरे, असे माझे मत आहे. परिमेय क्ष साठी क्ष चा वर्ग आणि अपरिमेय क्ष साठी शून्य असे मूल्य देणारे फलन शून्यापाशी अवकलनीय आहे, त्यामुळे तेथे संततही आहे. पण इतर कोणत्याही बिंदूपाशी ते संतत नाही. एका बिंदूपाशी मिळालेली अवकलनीयता शेजारच्या बिंदूंविषयी कोणतीही ग्वाही देत नाही.

राहिला जोडशब्द. ‘संतत अवकलनीय’ याचा पारिभाषिक अर्थ ‘ज्याचा अवकलज अस्तित्वात आहे आणि तो अवकलज स्वतः संतत आहे’ असा होतो. तो ‘संतत आणि अवकलनीय’ असा वाचला तर पहिला शब्द निरर्थक ठरतो, कारण अवकलनीयतेत सांतत्य आलेच. क्ष चा वर्ग गुणिले ज्या(१/क्ष), आणि शून्यापाशी ०, हे फलन सर्वत्र अवकलनीय आहे, पण त्याचा अवकलज शून्यापाशी संतत नाही. म्हणजे ते अवकलनीय आहे, ‘संतत अवकलनीय’ नाही. येथे ‘संतत’ हे फलनाचे विशेषण नसून ‘अवकलनीय’चे क्रियाविशेषण आहे, आणि मराठीत दोन्हींचे रूप सारखेच असल्याने घोटाळा होतो. ‘सांतत्याने अवकलनीय’ असे लिहिल्यास तो बराचसा टळतो. लेखनात मी तेच रूप वापरीन.