उतरवायचा राहिलेला बावटा

"मॅडम, दहापैकी सहा आले. आता ह्याचं काय खरं नाही ना?"

हर्णै बंदराजवळच्या एका वाडीतली आई समोर बसून विचारत होती. मुंबईच्या भाचीने तिच्याकडून फोनवर एक प्रश्नावली भरून घेतली होती. घरात मारहाण होती का, दारू होती का, आईबाप वेगळे झाले का? प्रत्येक 'हो'ला एक गुण. त्यातच कुठल्याशा व्हिडिओत तिने ऐकलं, की पाच वर्षांपर्यंत मेंदूची नव्वद टक्के वाढ होऊन जाते. तिचा मुलगा सात वर्षांचा, आणि त्याची पहिली पाच वर्षं गेली ती नालासोपाऱ्याच्या खोलीत, बापाच्या माराखाली. हिशेब तिने घरूनच मांडून आणला होता, माझी फक्त खाली सही हवी होती.

मी समुपदेशक. ही भीती माझ्याकडे फार वेळा येते, म्हणून लिहितेय. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मुलाला बाबू म्हणू.

तक्रार मुळात शाळेची होती. कुणी बाक सरकवला की बाबू शेजारच्याला फटका मारायचा, दार आपटलं की बाकाखाली शिरायचा. घरी रात्री अंथरूण ओलं. बाईंचं मत, पोरगा 'हायपर' आहे, गोळी चालू करा. खरं सांगायचं तर पहिल्या दोन भेटींत मलाही तसंच वाटलं. नीट वागला की चांदणी चिकटवायची, असा तक्ता मी करून दिला. आठ दिवसांत त्याने तो फाडला. चांदणी मिळवायला आधी डोकं थाऱ्यावर लागतं, हे मला कळायला हवं होतं.

खरी गोष्ट आजीने सांगितली, तीही उठता उठता. "रात्री मोटारसायकल वाजली का तो उठून बसतो. गाडी लांब जाईस्तोवर श्वास सोडत नाय."

बाप मोटारसायकलवरून यायचा. गाडी कशी लावली त्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार, हे तीन वर्षांच्या बाबूला कळायचं. याला मी बिघाड कसा म्हणू? ते त्या पोराचं शिक्षणच होतं, आणि त्या घरात जगायला ते उपयोगी होतं.

हर्णैच्या बाईला मेंदू समजावायला मला एक बरं साधन मिळतं. मेंदूच्या आत अमिग्डला नावाचा छोटासा भाग असतो. नाव पडलंय बदामावरून, आपण काजूगराएवढा म्हणू. त्याचं काम बंदरावरच्या माणसासारखं, धोका दिसला की बावटा चढवायचा. बावटा चढला की कॉर्टिसोलसारखी रसायनं अंगभर धावतात, छाती धडधडते, हातपाय मारायला किंवा पळायला तयार होतात. अधूनमधून असं होणं वाईट नाही. पडलं, भ्यायलं, आईने पोटाशी धरलं, बावटा उतरला. लहान मुलाला तो स्वतः उतरवता येत नाही, मोठं माणूस उतरवून देतं. पण धोका रोजचाच आणि जवळ घेणारी आईच मार खातेय, असं वर्षानुवर्षं चाललं तर मेंदू दोरीला हात लावूनच बसतो. 'हे तेव्हाचं, तिथलं' अशी नोंद ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पसलाही दीर्घ ताण सोसत नाही. मग नालासोपाऱ्याची मोटारसायकल आणि वाडीतल्या दूधवाल्याची मोटारसायकल एकच होऊन जाते. 'थांब, विचार कर' म्हणणारा कपाळामागचा भाग तर पंचविशीपर्यंत पिकत असतो, सात वर्षांच्या पोराकडे तो असणार किती?

बंदरावर तीन नंबरचा, वाऱ्यावादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागला की होड्या आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात, मासेमारी बंद. बाबूचं पाढ्यांकडे लक्ष नाही ते त्यामुळे.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे वादळ गेलं, पण बावटा उतरवायचा राहिला."

मी पंधरा मिनिटं जे बोलत होते ते तिने एका वाक्यात आणलं.

आता ते दहापैकी सहा. ही प्रश्नावली ज्यातून आली तो अभ्यास अमेरिकेतल्या सॅन दिएगोचा, पहिला निबंध १९९८चा. विन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी पुढे एकूण १७,०००हून जास्त प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं. लहानपणचे आघात जितके जास्त, तितकं पुढे नैराश्य, व्यसन, हृदयविकारही जास्त, असं दिसलं. हे खरंच आहे. पण ते हजारो माणसांच्या घोळक्याबद्दल खरं आहे. एका पोराचं भविष्य या आकड्यावरून सांगू नका, असं अँडांनीच २०२० साली लिहिलं. त्या गुणांत मार किती वर्षं होता हे येत नाही. आजी होती की नव्हती, हेही येत नाही.

आजीचं मी उगाच म्हणत नाही. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी सुमारे चाळीस वर्षं माग ठेवला. गरिबी, भांडणं, आजारी आईबाप अशा घरांतली मुलंही त्यांत होती, आणि त्यांतली साधारण एक तृतीयांश चांगली, मायाळू, कामाची माणसं निघाली. त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा एक तरी भरवशाचं माणूस होतं. कुणाची आजी, कुणाची मावशी, कुणाचे गुरुजी.

नव्वद टक्के म्हणाल तर ते आकारमानाचं माप झालं. घर बांधून झालं तरी आतल्या वायरी पुढेही बदलता येतात. मात्र लवकर बदललेलं बरं, यात शंका नाही. रुमानियातल्या अनाथालयांतल्या १३६ मुलांवरच्या अभ्यासात हेच दिसलं. दोन वर्षांच्या आत सांभाळणाऱ्या कुटुंबांत गेलेली जास्त सावरली, पण उशिरा गेलेल्यांनाही काही बाबतींत फायदा झालाच.

बावटा उतरवायचा तर वादळ खरोखर गेलेलं लागतं, आणि इथे ते पुरतं गेलं नव्हतं. बाप दोनदा वाडीत येऊन अंगणात आरडाओरडा करून गेला होता. म्हणून खेळ-चित्रांच्या आधी आम्ही संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलो, २००५च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज केला. मारत्या घरात मुलाला 'दीर्घ श्वास घे' शिकवणाऱ्या समुपदेशकांचा मला राग येतो. पोर धोक्यात असेल तर आधी मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन, बाकी मागाहून. बालमानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवलं. त्यांनी तपासून सांगितलं, गोळी आत्ता नको, सहा महिन्यांनी पाहू.

बाकीचं काम मुख्यतः आजीनेच केलं. पेज रोज त्याच वेळी, झोपायची जागा तीच. मोटारसायकल वाजली की आजी नुसतं सांगायची, "दूधवाला." शाळेच्या बाई आधी कुरकुरल्या, पण बाक हलवायच्या आधी "बाबू, बाक सरकवते हां" म्हणायला लागल्या. आणि फुंकणी! लांब श्वास सोडला की छातीची धडधड उतरते, हे मी त्याला फुग्यांनी शिकवत होते, त्याला ते बावळट वाटायचं. आजीने त्याला चुलीपुढे बसवलं. जोरात फुंकलं तर राख डोळ्यांत, हळू फुंकलं तर जाळ. दोन दिवसांत तो शिकला.

आईला मात्र मी उशिरा विचारलं, ती माझी दुसरी चूक. तिला झोप नव्हती, मरावंसं वाटायचं. तिचे उपचार सुरू झाले. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, कारण रात्री दोनला मी फोन उचलत नाही. तिला झोप लागायला लागली तशी बाबूचीही रात्र सुधारली.

गेल्या वर्षी शिमग्यात ढोल वाजला तेव्हा तो लाकडांच्या राशीमागे दोन तास लपला होता. या वर्षी मामाने त्याला आठ दिवस आधी सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर नेलं, भर दुपारी, कुणी नसताना. ढोलाला हात लावू दिला, टिपरू हातात दिलं. पालखी अंगणात नाचली तेव्हा तो पडवीच्या खांबाला धरून उभा होता, दुसऱ्या हातात फुंकणी. फटाके लागले तसा आत पळाला. थोड्या वेळाने परत बाहेर आला.

त्या रात्री अंथरूण ओलं झालं. सकाळी आजीने गोधडी वळईवर वाळत टाकली आणि त्याला पेज प्यायला हाक मारली.