स्टुडिओ बंद, ‘चाय’ चालू

वाचकांची पत्रं, सप्टेंबर २०२४

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. परवा बुधवारी तोंड पाडूनच उठला. नाश्ता नाही, कॉलेज नाही. विचारलं तर म्हणाला, “टँगो बंद केलं.” मला वाटलं, कुणी मित्र गेला की काय. मग कळलं, जपानमधली गेम बनवणारी कंपनी आहे. मित्राच्या कॉम्प्युटरवर हा त्यांचा गेम खेळायचा. रात्री त्यातली गाणी कानात घालून पडला होता, डोळे सुजलेले.

ते बघून ह्यांचा पारा चढला. हे पूर्वी मागावर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवायचं काम. पाच वर्षांपूर्वी मालकानं चोवीस माग भंगारात वजनावर काढले. त्या दिवशी घरी येऊन हे जेवले आणि झोपले, एक शब्द बोलले नाहीत. पिशवीतून फक्त एक धोटा (मागात आडवा दोरा नेतो तो) आणला होता, तो अजून टीव्हीखालच्या कप्प्यात आहे. आता एका दुकानात सिक्युरिटीला असतात. ते मुलाला म्हणाले, “माझं काम गेलं तेव्हा तू गल्लीत क्रिकेट खेळत होतास, आणि आता परदेशातल्या लोकांसाठी रडतोस व्हय?” तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद आहे. याला वेड म्हणायचं का? मोबाइल काढून घेऊ का?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, आधी माफी मागतो. तुमचं पत्र मे महिन्यात आलं आणि उत्तर सप्टेंबरात जातंय. मधल्या काळात दोनदा लिहायला बसलो. दोन्ही वेळा ते तुमच्या मुलाबद्दल न राहता माझ्याबद्दलच व्हायला लागलं, म्हणून फाडलं. आता तिसऱ्यांदाही थोडं माझ्याबद्दल होणार आहे, चालवून घ्या.

मोबाइल काढून घेऊ नका. वेडबिड काही नाही.

मुलगा ज्याच्यासाठी रडला ते काय होतं, ते आधी सांगतो, कारण तुमच्या घरात ते कुणी त्याला विचारलं नसावं असं पत्रावरून वाटलं. टँगो गेमवर्क्स हा टोकियोतला स्टुडिओ. शिंजी मिकामी नावाच्या नावाजलेल्या गेमकर्त्यानं तो २०१० साली काढला. बरीच वर्षं त्यांनी भीतीचे गेम केले. आणि २५ जानेवारी २०२३ ला, आधी एक अक्षर न बोलता, ‘हाय-फाय रश’ नावाचा रंगीबेरंगी गेम जाहीर केला आणि त्याच दिवशी लोकांच्या हातात दिला. त्याच्या नायकाचं नाव चाय. खरंच चाय! एका अवाढव्य कंपनीत यांत्रिक हात बसवून घ्यायला तो जातो, गडबडीत त्याचा गाणी ऐकायचा प्लेअर छातीत बसतो आणि कंपनी त्याच्यावर ‘सदोष माल’ असा शिक्का मारते. मग हा पठ्ठ्या त्या कंपनीच्या एकेका खात्याच्या साहेबाशी लढत वर चढतो. हिशेब खात्याचा साहेबसुद्धा त्यात आहे. (पुढं जे झालं ते पाहता, त्या साहेबाला जरा जास्तच बुकलायला हवं होतं.)

या गेमची खुबी अशी, की त्यातलं सगळं तालावर चालतं. चायची पावलं, यंत्रांचे दट्टे, शत्रूंचे वार, सगळं एका ठेक्यात. ठेका धरून बटण दाबलंत की वार जोरात बसतो. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

लोकांना तो आवडला. काही महिन्यांत तीस लाख लोकांनी खेळला. आवाजाच्या कामासाठी बक्षीस मिळालं, आणि यंदा एप्रिलमध्ये ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेचं ॲनिमेशनचं पारितोषिकही. पण स्टुडिओची मालकी तोवर मायक्रोसॉफ्टकडे होती. टँगो ज्या समूहात होता, तो अख्खा समूह त्यांनी २०२१ मध्ये साडेसातशे कोटी डॉलरला घेतला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही आणखी मोठी कंपनी घेतली, सुमारे सहा हजार नऊशे कोटी डॉलरला. मग जानेवारीत एकोणीसशे लोकांना घरी पाठवलं. आणि ७ मेला एक पत्र निघालं : टँगो बंद, अमेरिकेतला अर्केन ऑस्टिन बंद, कॅनडातला अल्फा डॉग बंद. मोठ्या गेमांवर लक्ष द्यायचं आहे, असा एकूण सूर. बाफ्टाला महिनासुद्धा झाला नव्हता. दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टमधल्या बैठकीची बातमी फुटली, की आपल्याला नाव आणि बक्षिसं मिळवून देणारे लहान गेम हवेत असं वरचे साहेब म्हणाले. तसा गेम करणाऱ्यांना आदल्या दिवशी घालवलं होतं.

तुमच्या मुलाला जे लागलं ते हे आहे, ताई. वाईट काम केलं म्हणून एखादा बुडाला, तर पोरं हळहळतात आणि विसरतात. इथं त्याला पहिल्यांदा कळलं, की काम उत्तम करूनही दाराला कुलूप लागू शकतं. कारण काम एका वहीत लिहिलं जातं आणि दार उघडं ठेवायचं की नाही हे दुसऱ्याच वहीत ठरतं. हे कळायचं वय चांगलं नसतंच. मला कळलं तेव्हा मी सत्तावीसचा होतो.

पुण्यात एका छोट्या स्टुडिओत मी टेस्टर होतो. गेम मोडेल कुठं, ते शोधत दिवसभर तो खेळत राहायचा, हे काम. आम्ही एकवीस जण होतो. एका शुक्रवारी अकराला सगळ्यांना आत बोलावलं. खुर्च्या बारा, म्हणून नऊ जण भिंतीला टेकून. सात मिनिटांत सांगून झालं. सकाळीच मी एक बग, म्हणजे गेममधली चूक, नोंदवला होता, तो अजून शब्दन् शब्द पाठ आहे : ‘शेळी भिंतीत अडकते. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा अडकली.’ बाहेर आल्यावर कुणी फोन लावत होतं, कुणी ड्रॉवर रिकामा करत होतं. तो भाग ज्याच्याकडे होता तो प्रोग्रॅमर मात्र जाग्यावर बसला आणि कोड उघडला. चार वाजता मला हाक मारली, “सुटली बघ शेळी.” मी पाचदा चालवून पाहिली. सुटली होती. मी यादीत त्या बगपुढं ‘दुरुस्त’ असं लिहिलं आणि आम्ही खाली टपरीवर गेलो. तो गेम कधी बाहेर आलाच नाही. ती शेळी जगात आम्ही दोघांनीच पाहिली.

त्या संध्याकाळी मीही घरी जाऊन जेवलो आणि झोपलो. आईनं विचारलं, मी म्हणालो, “काही नाही, डोकं दुखतंय.” म्हणून तुमच्या यजमानांचं न बोलणं मला चांगलं कळतं. पण चोवीस माग भंगारात गेले त्या दिवशी ज्या माणसानं पिशवीत धोटा घालून आणला, त्याला काही वाटलं नव्हतं असं मी तरी मानणार नाही. काट्यावर वजन वाढवायला मालकानं तोही घेतला असता.

आणि मुलाला ते बोलले त्यात चूक एवढीच, की त्यांनी दोन दुःखांचं माप काढलं. त्यांचं मोठं आहे, यात वाद नाही. त्यांची चूल अडली होती, पोराची नाही. पण बारा-चौदा वर्षांच्या पोराला बापानं काहीच सांगितलं नाही, तर तो क्रिकेटच खेळणार, दुसरं काय करील? धोटा कप्प्यात कसा आला, हे त्याला कुणी सांगितलंय का?

आता त्या तालाकडे येतो. मी विणकर घरातला नाही, पण सोलापूरच्या मामाकडे शेडमध्ये उन्हाळे काढलेत. चांगला जॉबर माग बघत नाही, ऐकतो. चोवीस मागांच्या खडखडाटात एकाचा ठेका चुकला, की पाठमोरा असला तरी मान वळते. तुमच्या मुलाचा गेम नेमका त्याच कौशल्यावर उभा आहे. मुलाला सांगा, मित्राच्या घरून तो कॉम्प्युटर एका रविवारी उचलून आण, आणि बाबांच्या हातात कंट्रोलर दे. आवाज मोठा ठेवा. बोलायची सक्ती कुणालाच करू नका. पहिल्या दहा मिनिटांत ते शिव्या घालतील, ते चालतंय. पण ठेका त्यांना पोराआधी सापडेल, यावर माझी चहाची पैज.

उत्तराला उशीर झाल्याचा एक फायदाही झाला. १२ ऑगस्टला कोरियाच्या क्राफ्टन कंपनीनं टँगोला आणि ‘हाय-फाय रश’च्या हक्कांना आपल्याकडे घेतलं. क्राफ्टन म्हणजे ज्यांचा ‘बीजीएमआय’ हा मोबाइलवरचा गेम इचलकरंजीच्या निम्म्या गल्ल्यांत रात्री बारापर्यंत चालतो, तेच. भीतीचे जुने गेम मायक्रोसॉफ्टकडेच राहिले, पण चाय सुटला. मुलाला हे माझ्याआधीच कळलं असणार. तुम्ही मात्र त्याच्या तोंडून ऐका, नव्यानं ऐकल्यासारखं.

प्रश्न : नाशिकमध्ये गेम डिझाइनचा कोर्स करतोय. साडेतीन लाखांचं कर्ज आहे. रोज कुठलातरी स्टुडिओ बंद झाल्याची बातमी येते. वडील म्हणतात, अजून वेळ आहे, बँकेच्या परीक्षा दे. काय करू?
— स., नाशिक

उत्तर : कोर्स किती झालाय ते लिहिलं नाहीस. निम्म्याच्या वर झाला असेल तर पुरा कर. नुकताच सुरू असेल, तर वडिलांचं ऐकण्यात कमीपणा नाही. बँकेत लागूनही रात्री गेम करणारे दोघे माझ्या ओळखीचे आहेत, आणि त्यांचे गेम पूर्ण होतात, कारण त्यांना कुणी बंद करू शकत नाही.

स्टुडिओच्या आयुष्यावर तुझं आयुष्य मोजू नकोस. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन आमच्या पिढीनं ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळला. तो करणारा डॅलसचा एन्सेम्बल स्टुडिओ २००९ च्या जानेवारीत बंद झाला. पैसा कमावून देणारे गेम केले होते, तरी. आज त्या गेमचा दुसरा भाग पंचविशीत आलाय आणि जिवंत आहे. तो जिवंत ठेवण्यात मोठा हात कुणाचा? आधी हौसेनं त्याला नवे भाग जोडणाऱ्या चाहत्यांचा. त्यांचीच पुढं कंपनी झाली. २०२२ मध्ये भारतातल्या राजवटींचा वेगळा भाग आला, तोही त्यांच्याच हातचा.

बाकी कामाच्या गोष्टी. नोकरी लागली की पहिल्या महिन्यातच विचार, गेमच्या शेवटच्या नामावलीत माझं नाव येणार का. आपण केलेलं काय बाहेर दाखवता येईल, हे करार वाचून लेखी विचारून घे. स्टुडिओ बंद झाल्यावर विचारायला समोर कुणी नसतं. पीएफचा यूएएन नंबर स्वतःकडे ठेव आणि पैसे भरले जातात का, हे तीन महिन्यांनी बघत जा. माझ्या स्टुडिओचा शेवटचा पगार चार महिन्यांनी आला, आणि अनुभवाचा दाखला आलाच नाही, कारण मी मागितला तोवर सही करणारा माणूस दुसऱ्या शहरात गेला होता. तेवढे चार-सहा महिने निघतील इतके पैसे बाजूला पडेपर्यंत नवा फोन घेऊ नकोस.

आणि वर अर्केन ऑस्टिनचा उल्लेख आला, त्याबद्दल. त्यांचा २०२३ चा ‘रेडफॉल’ सपशेल पडला होता, टँगोचा गेम गाजला होता. दोघांना एकाच दिवशी, एकाच पत्रानं घालवलं. तरीही ३० मेला ‘रेडफॉल’ची शेवटची सुधारित आवृत्ती आली, त्यात इंटरनेटशिवाय खेळायची सोय दिली होती. पडलेला गेम, सुटलेली नोकरी, आणि तरी कुणीतरी बसून ते काम पुरं केलं. असा माणूस तुला मुलाखतीत भेटला, तर त्याच्या हाताखाली काम धर, पगार थोडा कमी असला तरी.

प्रश्न : नातवानं मोबाइलच्या गेममध्ये माझ्या यूपीआयवरून आठशे रुपयांच्या तलवारी घेतल्या. पंधरा दिवसांत सर्व्हर बंद झाला. तलवारी गेल्या. पैसे मिळतील का?
— एक आजोबा, रत्नागिरी

उत्तर : प्ले स्टोअरमध्ये खरेदीची यादी असते, तीत पावती शोधा. पहिल्या ४८ तासांत गुगलकडेच परतावा मागणं सोपं असतं. ती वेळ गेली असेल तर गेम काढणाऱ्या कंपनीचा ईमेल प्ले स्टोअरमधल्या त्या गेमच्या पानावर असतो, तिथं पावतीचा क्रमांक घालून लिहा. सर्व्हर बंद करण्याआधी काही कंपन्या ‘या तारखेनंतर खरेदी बंद’ असं जाहीर करतात. त्या तारखेनंतर पैसे घेतले असतील, तर पत्रात ते पहिल्या ओळीत येऊ द्या. मिळतीलच असं नाही. यूपीआयचा पिन मात्र आजच बदला, आणि नवा पिन नातवाची जन्मतारीख ठेवू नका. तुमचा जुना तोच असणार.