रहाडीतला धप्पा राहू दे, उत्तरपत्रिका आधी काढ

प्रश्न : मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, इंटर्नशिप सुरू आहे. मावसभाऊ म्हणतो, शिक्षिका व्हायचंय तर इन्स्टाग्राम बंदच कर. त्यावर रंगपंचमीचे रहाडीतले (रंगीत पाण्याच्या मोठ्या हौदातले) फोटो, मैत्रिणींबरोबर वायनरीत काढलेले फोटो, नाचाचे रील्स आहेत. वावगं असं काही नाही. सहावीतल्या एका मुलाच्या उत्तरपत्रिकेचा गमतीदार फोटो तेवढा स्टोरीला ठेवला होता. सातवीतल्या दोघींनी फॉलो रिक्वेस्टही पाठवलीय. काय करू? – एक विद्यार्थिनी, सातपूर (नाशिक)

उत्तर : तुला ज्याची धास्ती आहे त्यात फारसं काही नाही. तू ‘तेवढा’ म्हणून उरकलंस, तिथे मात्र मी अडखळले.

रहाड पेशवेकाळापासूनची. मुलाखत घेणारे मुख्याध्यापक जुन्या नाशकातले असले तर त्यांनीही कधीतरी तिच्यात उडी घेत धप्पा मारलेला असेल. नाचाचंही तेच. वायनरीतला हातात ग्लास असलेला फोटो मात्र अर्काइव्ह कर. तो तुझ्याकडे राहील, बाकीच्यांना दिसणार नाही. द्राक्षांच्या गावात यावरून कुजबुज व्हावी हे मला पटत नाही, पण होते.

आता ती उत्तरपत्रिका. नाव झाकलं असशीलही, पण अक्षर अख्खा वर्ग ओळखतो. स्टोरी 24 तासांत गेली तरी कुणीतरी स्क्रीनशॉट काढलेला असू शकतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. पण कायदा घटकाभर बाजूला ठेव. त्या मुलाने ते उत्तर तुला तपासायला दिलं होतं, हसायला नाही. स्टोरी अर्काइव्ह आणि हायलाइट्स, दोन्हीकडून ते काढ. मग तुझ्या मार्गदर्शक शिक्षकांना स्वतः जाऊन सांग. बाहेरून कळण्याआधी तुझ्याकडून कळलेलं बरं.

त्या दोघींची रिक्वेस्ट स्वीकारू नकोस, पण गप्पही बसू नकोस. ‘मी कुठल्याच विद्यार्थ्याला घेत नाही, शाळेतलं शाळेत विचारा,’ असं सरळ सांग, म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही. अकाउंट प्रायव्हेट कर. जुने फॉलोअर्स त्याने आपोआप जात नाहीत, ते एकेक करून काढावे लागतात. कुणी टॅग केलं तर आधी तुझी मंजुरी लागेल, असं सेटिंगही ठेव.

खरं तर पालक इन्स्टावर कमी, व्हॉट्सॲपवर जास्त भेटतील. नंबर एकमेकांकडे सेव्ह असले की तुझं प्रत्येक स्टेटस त्यांना दिसतं. त्यांना वगळायची सोय स्टेटसच्या प्रायव्हसीतच आहे. एकदा ब्राउझरच्या इन्कॉग्निटोमध्ये स्वतःचं नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे शोधून बघ. काही शाळाही तेच करतात.

शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवर मुलाखतीसह आणि मुलाखतीशिवाय असे दोन्ही मार्ग आहेत. मुलाखत नसलेल्या मार्गाने जिल्हा परिषदेत गेलीस म्हणून सुटका नाही. तिथे जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठीचे 1967 चे वर्तणूक नियम लागू होतात, शिवाय जुलै 2025 मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडिया वापराबद्दल सूचना काढल्या आहेत. रुजू होण्याआधी दोन्ही वाच.

अकाउंट बंद करू नकोस. ते प्रायव्हेट राहू दे, आणि शिकवण्यासाठी एक वेगळं, सगळ्यांना दिसणारं अकाउंट काढ. नाव शोधल्यावर काहीच न सापडण्यापेक्षा, भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक समजावणारा तुझा तीन मिनिटांचा व्हिडिओ सापडू दे. त्यात तू, फळा आणि भाकरी पुरे. मुलांचे चेहरे नकोत.