फेअरटॅक्स येईल तेव्हा येईल, ४०१-के का थांबवलंत?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३९, पगार १,४०,००० डॉलर, पत्नी घरी, एक मुलगी. इन्कम टॅक्स जाऊन देशभर सेल्स टॅक्स, म्हणजे 'फेअरटॅक्स', येणार, असं ते ऐकतात. मग रॉथ या निवृत्ती खात्यात, पुढे करमुक्त काढता येतील म्हणून, आज टॅक्स भरून पैसे कशाला टाकायचे?

टाका. तुमची शंका चुकीची नाही. फेअरटॅक्स आलाच तर रॉथवाल्यांना कमावताना एकदा आणि खर्चताना पुन्हा कर बसेल. पण हे विधेयक १९९९ पासून मांडलं जातंय आणि सभागृहात त्यावर अजून मतदानसुद्धा झालेलं नाही. त्यातला '२३ टक्के' दर ही तर आकड्यांची करामत. १०० डॉलरच्या वस्तूचं बिल १३०, आणि १३० मधले ३० म्हणजे २३ टक्के! किराणा, घरभाडं, डॉक्टरची फी, सगळ्यावर. दरमहा 'प्रीबेट', म्हणजे गरजेपुरत्या खर्चावरचा कर आगाऊ परत, देऊ म्हणतात, पण एवढं मतदारांच्या गळी उतरवणार कोण?

मी अडलो ते पत्राच्या शेवटी. 'मंडळातल्या ओळखीच्यांकडून इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ (शेअर निर्देशांकाशी जोडलेली आयुर्विमा पॉलिसी) घेतली. महिना हजाराचा हप्ता जमावा म्हणून तीन वर्षं ४०१-के बंद आहे.'

अहो, ४०१-के म्हणजे नोकरीतलं निवृत्ती खातं; त्यात तुम्ही पगाराचे सहा टक्के टाकलेत तर कंपनी त्याच्या निम्मी भर घालते, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे वर्षाला ४,२०० डॉलर, तीन वर्षांत साडेबारा हजार सोडून दिलेत. हप्ते भरले ३६,०००, आज पॉलिसी मोडली तर हातात १३,०००. हे गेलेले तेवीस हजार आणि ते साडेबारा, मिळून खड्डा पस्तीस हजारांचा. निरोगी माणसाला दहा लाखांचा वीस वर्षांचा टर्म विमा (मुदतीपुरता, बचत नसलेला) महिना शंभराच्या आत पडतो. तो खर्च वजा केला तरी तीस हजारांच्या वर गेलेच. 'बाजार चढला तर फायदा, पडला तर तोटा नाही' हे सांगणाऱ्याने फायद्यावरची मर्यादा आणि वयाबरोबर वाढणारा विम्याचा खर्च सांगितला होता का? सात टक्के परताव्याचा रंगीत तक्ता मात्र दाखवला असेल.

पुढच्या पगारापासून ४०१-के निदान सहा टक्के सुरू करा, रॉथ त्यानंतर. पॉलिसी लगेच मोडू नका, आधी टर्म विमा हातात येऊ द्या. मग विमा कंपनीकडून चार टक्के परतावा धरून नवा तक्ता आणि सरेंडर चार्ज, म्हणजे पॉलिसी मोडल्यावरची कपात, दरवर्षी किती उतरतो ते लेखी मागवा. ते कागद पाठवा, मोडायची की हप्ता कमी करायचा ते बघू. मंडळात त्या गृहस्थांची गाठ पडलीच, तर पहिल्या वर्षीच्या बारा हजारांतून कमिशन किती मिळालं तेवढं विचारून घ्या.