‘तून’ ज्याला चिकटलं, ते आधी

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. ‘५ हे एका संख्येच्या तिपटीतून वजा करा’ याची राशी ती ५ − ३क्ष अशी मांडते. राशी रेषीय आहे का, हे ओळखतानाही गडबडते. काय करावं?
– एक पालक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : वाक्यात ५ आधी आला म्हणून तिने तो आधी लिहिला. प्रत्यय पाहायला सांगा. ‘तून’, ‘मधून’ किंवा ‘पेक्षा’ ज्याला लागलंय, ते वजाबाकीत आधी. म्हणून ३क्ष − ५. पडताळ्याला क्ष = १० घ्या: तिप्पट ३०, त्यातून ५ गेले, २५. तिच्या राशीत −२५ येतात.

कंसाची चूक याहून जास्त दिसते. ‘संख्या व ४ यांच्या बेरजेची दुप्पट’ म्हणजे २(क्ष + ४). ‘संख्येच्या दुपटीत ४ मिळवा’ म्हणजे २क्ष + ४. शेवटची क्रिया कोणती, ते विचारा. ती दुप्पट असेल तर कंस हवाच.

एककंही बघा. रिकामी पेटी २ किलोची, प्रत्येक संत्रं १५० ग्रॅमचं, संत्री क्ष. एकूण वजन १५०क्ष + २ नव्हे, १५०क्ष + २००० ग्रॅम.

आता रेषीय राशी. संत्र्यांची ही राशी रेषीय आहे, कारण चलाचा, म्हणजे क्षचा, घातांक १ आहे. क्ष/५ सुद्धा रेषीय, सहगुणक (क्षला गुणणारी संख्या) फक्त १/५. पण ५/क्ष नाही. तिथे घातांक −१ होतो. क्ष × य ची कोटी (चलांच्या घातांकांची बेरीज) २, म्हणून तीही नाही. मात्र आधी सोपं रूप द्या: क्ष(क्ष + ३) − क्ष × क्ष दिसायला वर्गाची, उरते फक्त ३क्ष.